मोझांबिकच्या गोरोंगोझाला जायचंय? सगळे विचारतात ते प्रश्न, एकदाच उत्तरं

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे मसाई मारा नाहीतर सेरेंगेटी, त्यामुळे मोझांबिक म्हटलं की लोक आधी "का??" विचारतात आणि मग फोटो बघून पुढचे वीस प्रश्न. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय. ज्यांना फक्त व्हिसा-विमानाचं हवंय त्यांनी सरळ खाली जा, पण माझं ऐकाल तर वरचं वाचा, नाहीतर तिथे जाऊन "एवढंच?" म्हणाल.

गोरोंगोझा नक्की आहे कुठे?

मोझांबिकच्या मधोमध, सोफाला प्रांतात. जवळचं मोठं शहर म्हणजे बेइरा हे बंदर. आफ्रिकेतली ती मोठी भेग, ग्रेट रिफ्ट व्हॅली, तिचं दक्षिणेकडचं टोक इथे येऊन संपतं. साधारण चार हजार चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क, मध्ये उरेमा नावाचं तळं, पावसात ते पसरून सगळं मैदान पाण्याखाली जातं आणि उन्हाळ्यात आकसतं, आणि सगळा खेळ या पाण्याच्या वर-खाली होण्यावर चालतो.

केनिया-टांझानिया सोडून इथे का जायचं?

पहिलीच आफ्रिका ट्रिप असेल तर खरंच जाऊ नका, आधी केनिया करा. हे मी सगळ्यांना सांगते आणि लोकांना ते आवडत नाही. तिथे तीन दिवसांत जे दिसतं ते इथे दिसेलच असं नाही. इथे यायचं ते एक जंगल जवळजवळ रिकामं झालं होतं आणि आता परत भरतंय हे बघायला, आणि ते भरतंय म्हणजे जसं होतं तसं नाही, भलत्याच क्रमाने, काही प्राणी वाजवीपेक्षा जास्त, काही अजून अगदी थोडे. ज्याला हे इंटरेस्टिंग वाटतं त्याला चार दिवस कमी पडतात, आणि ज्याला फक्त टिकमार्क करायच्यात त्याला दुसऱ्या दिवशी बोअर होतं.

आणि हो, गर्दी नाही. एका सिंहिणीभोवती पंधरा गाड्या असला प्रकारच नाही. आमच्यासमोर सिंहीण झोपली होती तेव्हा आजूबाजूला दुसरी एकही गाडी नव्हती, आणि तीही बराच वेळ काहीच करत नव्हती, तो भाग वेगळा.

रिकामं झालं होतं म्हणजे? काय झालं होतं?

युद्ध. १९२० मध्ये इथे आधी शिकारीसाठी राखीव जागा झाली, मग १९६० मध्ये पोर्तुगीजांनी नॅशनल पार्क केलं आणि त्या काळात युरोपातून श्रीमंत लोक इथे यायचे. १९७५ ला देश स्वतंत्र झाला आणि १९७७ पासून सरकार (फ्रेलिमो पक्षाचं) विरुद्ध रेनामो ही बंडखोर संघटना अशी यादवी पेटली ती थेट १९९२ पर्यंत. रेनामोचा मोठा तळ या पार्कच्या अगदी शेजारी. १९८१ च्या डिसेंबरात पार्कमधल्या मुख्य, चितेंगो कॅम्पवरच हल्ला झाला, १९८३ ला पार्क बंदच करून टाकलं. मग दोन्ही बाजूंचे सैनिक जंगलात, त्यांना मांस हवं, आणि हत्तीच्या सुळ्यांवर बंदुका मिळत होत्या. हिशोब लावा.

१९७२ च्या मोजणीत इथे अडीच हजारांवर हत्ती होते, २००० मध्ये राहिले २४२. रेडे (म्हणजे आफ्रिकेतले जंगली, केप बफेलो) चौदा हजारांच्या आसपास होते ते जवळजवळ संपलेच. पाणघोडे, झेब्रे, विल्डबीस्ट सगळ्यांची तीच गत, मोठ्या प्राण्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गेले. आणि यातलं बरंच नुकसान शांतता करार झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत झालं, कारण युद्ध थांबल्यावर रस्ते मोकळे झाले आणि धंदेवाईक शिकारी आत घुसले. हे मला आधी माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं युद्ध संपलं की प्राणी सुटले, तसं नसतं.

मग प्राणी परत आले कसे? बाहेरून आणले का?

थोडे आणले, बरेचसे आपोआप वाढले. २००४ मध्ये ग्रेग कार नावाचा एक अमेरिकन इथे आला, व्हॉइसमेलच्या धंद्यात बक्कळ पैसा केलेला माणूस, त्याच्या फाउंडेशनने सरकारशी बोलणी सुरू केली आणि २००८ मध्ये पार्क मिळून चालवायचा वीस वर्षांचा करार झाला. २०१८ मध्ये तो आणखी २५ वर्षांनी वाढवला. पार्क सरकारचंच आहे, विकलं वगैरे नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो.

२००६ पासून दक्षिण आफ्रिकेकडून वगैरे रेडे आणले, मग विल्डबीस्ट, थोडे हत्ती आणि पाणघोडे, नंतर झेब्रे. सिंह मात्र बाहेरून नाही आणले, युद्धातून जे मूठभर वाचले त्यांचीच पिल्लावळ आज शंभराच्या पुढे आहे. रानकुत्रे २०१८ मध्ये आले. बिबट्या तर संपलाच असं धरलं होतं, आणि त्याच वर्षी रात्रीच्या ड्राइव्हला अचानक एक नर दिसला, कुठून चालत आला देव जाणे. नंतर बाहेरूनही बिबटे आणले. तरस सगळ्यात शेवटी, २०२२ मध्ये.

पण पैसा जास्त कशावर खर्च झाला तर रेंजरवर. बाहेरून प्राणी आणून सोडणं हे फोटोला बरं दिसतं, पण मुळात मारणं थांबलं म्हणून हे झालं.

बिग फाइव्ह दिसतात का?

नाही. पाचांपैकी (सिंह, बिबट्या, हत्ती, रेडा, गेंडा) गेंडा इथे नाहीच. बिबट्या आहे पण दिसणं म्हणजे लॉटरी. सिंह, हत्ती आणि रेडा यांचे चान्सेस चांगले. जिराफही नाही, चित्ता बघायलाही इथे येऊ नका. मोझांबिकमध्येच पाचही हवे असतील तर झिनावे नॅशनल पार्क आहे, तिथे २०२२ मध्ये गेंडे आणून सोडले, पण तिथे पोचणं अजून कटकटीचं.

सगळ्या फोटोंत एकच ते हरणासारखं जनावर का आहे?

वॉटरबक! हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण गोरोंगोझाची खरी गोष्ट हीच आहे.

वॉटरबक म्हणजे सांबराएवढा अंगापिंडाने भरलेला, केसाळ, करड्या-तपकिरी रंगाचा अँटेलोप, नराला मागे वळलेली मोठी शिंगं, आणि पार्श्वभागावर पांढरं गोल कडं, अगदी ओल्या रंगाच्या कमोडवर बसून उठल्यासारखं. तिथला प्रत्येक गाइड हा जोक मारतो आणि प्रत्येक टुरिस्ट हसतो, आम्हीही हसलो. जवळून गाडी गेली तर उग्र वास येतो, अंगातून तेलकट काहीतरी सुटतं त्यांच्या.

तर युद्धाच्या आधी हा इथला साइड ॲक्टर होता. मैदानावर राज्य हत्ती, पाणघोडे आणि रेडे यांचं, चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांचं एकूण वजन धरलं तर ८९ टक्के या तिघांचंच. २०१८ च्या हवाई मोजणीत हे तिघं मिळून फक्त २३ टक्के निघाले आणि एकटे वॉटरबक ७४ टक्के. ५५ हजारांवर वॉटरबक! आधीपेक्षा दहापट-बिहापट. म्हणजे मोठे हटले, खायला गवत पडून, मारायला वाघ-सिंह नाहीत (वाघ तर नाहीतच, बोलायची सवय), ज्याची वाढ भराभर होते त्याने जागा घेतली.

म्हणून आकडे बघून "अरे वा, जंगल पूर्ण परत आलं" असं म्हणता येत नाही. वजनाने बघितलं तर जवळजवळ आलंय, यादी बघितली तर अजून खूप बाकी आहे. सकाळी उरेमाच्या मैदानावर गाडी निघते आणि नजर जाईल तिथे वॉटरबकच वॉटरबक, पहिल्या दिवशी तुम्ही थांबवून थांबवून फोटो काढता, दुसऱ्या दिवशी कोणी कॅमेरा उचलत नाही. मग गाइड सांगतो की आता कुठे बाकीचेही वाढायला लागलेत, सिंह आहेत, रानकुत्रे आलेत, बघू पुढे काय होतं. शास्त्रज्ञांचीही हीच अवस्था आहे. काही जणांना वाटतं की हळूहळू गाडी मूळ रुळावर येईल, काहींना वाटतं आता हेच नवीन नॉर्मल.

अजून एक मजा. माणसांच्या भांडणात इथे मिमोसाची काटेरी झुडपं माजली होती, आपल्या लाजाळूच्या भावकीतली पण डोक्याएवढी उंच, मैदानच्या मैदान व्यापलेलं. चरणारे परत आले आणि त्यांनीच खाऊन खाऊन ती मागे हटवली. औषध नाही, मजूर नाही.

हत्तींना सुळे नसतात हे खरं आहे का?

सगळ्यांना नाही, माद्यांना, आणि त्यातल्याही बऱ्याच. युद्धात सुळेवाले आधी मारले गेले. जन्मतःच सुळे नसणाऱ्या थोड्या माद्या नेहमीच असतात, त्यांच्यावर गोळी वाया घालवायला कोणी तयार नव्हतं, त्या जगल्या, आणि त्यांनी पोरींना तोच गुण दिला. २०२१ मध्ये 'सायन्स' मासिकात यावर पेपर आला: युद्धाआधी सुळे नसलेल्या माद्या १८.५ टक्के, युद्धानंतर ५०.९ टक्के. युद्ध संपल्यावर जन्मलेल्या माद्यांमध्येही साधारण एक तृतीयांश तशाच.

नरांमध्ये असा बिनसुळ्याचा हत्ती इथे दिसत नाही, कारण हा जीन एक्स क्रोमोझोमवर आहे आणि नर गर्भाला तो मिळाला तर तो गर्भ जगतच नाही असं दिसतं. (आपल्याकडे भारतात बिनसुळ्याचे मखना हत्ती असतात ते नर, ती आशियाई हत्तींची भानगड वेगळी, दोन्ही एकत्र करू नका.)

तिथले हत्ती गाडीच्या अंगावर येतात असं ऐकलंय, भीती वाटत नाही का?

वाटते की. आता पूर्वीपेक्षा पुष्कळ शांत झालेत म्हणतात, पण हत्तीण साठ वर्षं जगते, म्हणजे ज्यांनी ते दिवस बघितलेत त्या म्हाताऱ्या अजून कळपाच्या पुढे चालतात. गाडीचा आवाज म्हणजे काय हे त्यांना माहितीय.

आम्ही ताडाच्या झाडांच्या पट्ट्यात होतो, वळणावर समोर एकदम कळप. पुढची हत्तीण बिनसुळ्याची, सुळे नसले की तोंड कसं विचित्र चपटं दिसतं, ते बघायला सवय नसते. ती वळली, कान पसरले आणि सोंड वर करून हवा हुंगायला लागली. गाइडने गाडी बंद केली नाही, पुढेही नेली नाही, अगदी गोगलगायीच्या वेगाने मागे घेत राहिला, आणि हळू आवाजात एवढंच म्हणाला की कोणी उभं राहू नका. मागे दोन पिल्लं होती ती झाडीत गेली तरी ही जागेवरच. मग डोकं एकदा जोरात हलवलं, कान फटकारले, धूळ उडाली, आणि ती निघून गेली. कोणी फोटो काढला नाही, नंतर सगळ्यांना हळहळ.

थोडक्यात, गाइडचं ऐका. तो मागे घेतोय तर "थोडं अजून जवळ" म्हणू नका. आपल्याकडे जिप्सीवाल्याला आणखी शंभर रुपये देऊन पुढे घ्यायला लावायची सवय असते, ती इथे विसरा.

रानकुत्रे दिसतात का?

दिसतात, आणि माझ्या मते सिंहापेक्षा भारी. आपल्या ताडोबातल्या रानकुत्र्याचे लांबचे नातेवाईक, पण अंगावर काळे-पिवळे-पांढरे ठिपके आणि कान वाटोळे मोठ्ठे. २०१८ मध्ये १४ जणांचा कळप आणून सोडला तेव्हा इथे कित्येक दशकं एकही नव्हता. शिकारी प्राणी नसताना काय बदललं होतं ते बघण्यासारखं आहे: बुशबक नावाचं छोटं लाजरं हरण, जे एरवी झाडीतून बाहेर पडत नाही, ते इथे बिबटे-कुत्रे नसल्याने बिनधास्त उघड्या मैदानावर चरायला लागलं होतं. संशोधकांनी स्पीकरवर बिबट्याचा आवाज वाजवून बघितला तर पुन्हा झाडीकडे पळायला लागलं. भीती विसरलं नव्हतं, फक्त गरज पडली नव्हती. आता खरेच शिकारी प्राणी आलेत.

कधी जायचं? मे की दिवाळी?

पावसाळा तिथे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मार्च, तेव्हा रस्ते पाण्याखाली आणि पार्क टुरिस्टसाठी बंद असतं. म्हणजे नाताळची सुट्टी बाद.

मे महिन्यात हवा मस्त, सगळं हिरवं, पाणी भरपूर, पण गवत उंच त्यामुळे प्राणी शोधावे लागतात. शाळेच्या सुट्टीवाल्यांना हाच ऑप्शन आणि वाईट नाहीये. जून-जुलैत तिथे थंडी, पहाटेच्या उघड्या गाडीत स्वेटर, कानटोपी सगळं लागतं, "आफ्रिकेत कसली थंडी" म्हणून जाणारे कुडकुडत बसतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर गवत वाळलेलं, जळलेलं, पाणी आटलेलं, सगळे प्राणी तळ्याकडे, साइटिंग सगळ्यात चांगलं पण ऑक्टोबरात नागपूरची आठवण येईल असा उकाडा. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर जमतं, नोव्हेंबर मध्यात असेल तर कॅम्प उघडा आहे का ते आधी विचारून घ्या.

पोचायचं कसं?

मुंबईहून थेट विमान नाही. दोन मुख्य रस्ते: अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे मापुतो (राजधानी) आणि तिथून देशातल्या देशात बेइरा, नाहीतर जोहान्सबर्गला जाऊन तिथून थेट बेइरा. मला दुसरा बरा वाटतो, देशांतर्गत फ्लाइट्सच्या वेळा बदलत राहतात त्यामुळे मापुतोमार्गे जाणार असाल तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा. जोहान्सबर्गला एअरपोर्टच्या बाहेर पडायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा वेगळा लागतो, हे बुकिंग करतानाच बघा.

बेइराहून चितेंगो कॅम्प साधारण दोनशे किलोमीटर, तीन-चार तास. इंशोपे नावाच्या नाक्यापर्यंत झिंबाब्वेकडे जाणारा ट्रकांनी भरलेला हायवे, मग उत्तरेला वळायचं, आणि शेवटचे दहा-अकरा किलोमीटर कच्चा रस्ता. कॅम्पची पिकअप गाडी घ्या, स्वतः चालवायच्या भानगडीत पडू नका. अंधार पडायच्या आत पोचायचं, हा नियमच समजा.

व्हिसा आणि यलो फीवरचं काय?

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, ऑनलाइन ई-व्हिसाची सोय आहे. नियम बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी एम्बसीच्या साइटवर ताजं बघा, माझ्यावर किंवा कोणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर राहू नका.

यलो फीवर मोझांबिकमध्ये नाही, पण इथिओपिया किंवा केनियातून जाता-येता असाल आणि तिथे बराच वेळ थांबलात तर सर्टिफिकेट मागू शकतात, आणि परत भारतात येताना सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये टाकण्याचा नियम आहे. लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, अपॉइंटमेंट लागते, आणि घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

मलेरिया?

आहे, सगळ्या देशात, आणि तो मेंदूपर्यंत जाऊ शकणारा प्रकार, आपल्याकडच्या साध्या हिवतापासारखा हलक्यात घ्यायचा नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरला विचारून, जायच्या आधीपासून परत आल्यानंतरही ठरलेले दिवस. लोक घरी आल्यावर गोळ्या सोडून देतात, तसं करू नका. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी मोझांबिकहून आलोय.

सेफ आहे का? तिकडे अतिरेकी आहेत ना?

ते काबो देलगादोमध्ये, देशाच्या अगदी उत्तर टोकाला, २०१७ पासून तिथे परिस्थिती खराब आहे. गोरोंगोझापासून रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर. तिकडे जायचं नाही, विषय संपला.

गोरोंगोझाच्या भागात २०१३ नंतर रेनामो आणि सरकारचं पुन्हा वाजलं होतं, पण ऑगस्ट २०१९ मध्ये करार झाला आणि त्यातली एक सही खुद्द चितेंगो कॅम्पमध्ये झाली. ज्या जागेवर हल्ला झाला होता तिथेच. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मोठ्या शहरांत बरीच निदर्शनं, जाळपोळ झाली, त्यामुळे निवडणुकीच्या सीझनला टाळा आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघून जा. पार्कच्या आत आम्हाला एकदाही असुरक्षित वाटलं नाही, हत्तीणीचे ते दोन मिनिटं सोडून. मापुतो, बेइरामध्ये रात्री पायी फिरू नका, हे मुंबईकरांना सांगायला लागतं कारण आपल्याला सवय असते.

खर्च किती येतो?

आकडा देत नाही, दर आणि डॉलर दोन्ही हलतात. पण मसाई माराच्या ग्रुप टूरपेक्षा महाग पडेल हे धरून चाला, कारण ग्रुप टूरच नाहीयेत, चार जण मिळून गेलात तर पिकअप आणि गाडीचा खर्च वाटला जातो. चितेंगोमध्ये साध्या खोल्या असतात, आत जंगलातले लक्झरी कॅम्प वेगळे आणि त्यांचे भाव ऐकून मी फोन ठेवला. स्थानिक चलन मेटिकल, एटीएमचं काम बेइरातच उरकून घ्या.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी राहत नाही पण मजाही येत नाही. शिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, बरोबर राजम्यासारखे बीन्स, हे रोज. मातापा नावाची भाजी आहे, कसाव्याचा पाला शेंगदाणे आणि नारळाच्या दुधात शिजवलेला, अप्रतिम लागते, पण त्यात कोळंबी किंवा खेकडा घालायची पद्धत आहे, त्यामुळे आधी विचारा. मासे-कोळंबी खाणाऱ्यांची मात्र चंगळ, बेइराची कोळंबी आणि पिरी-पिरी चिकन. शहरात रस्त्यावर सामोसे मिळतात, आणि चवळीची भजी पावात घालून विकतात, त्यांना तिथे बाजियाच म्हणतात. मी रडायचीच बाकी होते. मेतकूट आणि थेपले तरी न्याच.

इंग्रजी चालतं का?

पार्कमधले गाइड बोलतात, बाहेर पोर्तुगीज. "ओब्रिगादो" (बाईने म्हणायचं "ओब्रिगादा") एवढं आलं तरी लोक खूश.

गोव्याच्या लोकांना तिथे वेगळाच अनुभव येतो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा, आणि नंतरही कित्येक गोंयकार कुटुंबं बेइरात, मापुतोत नोकरीला होती. आमच्यातल्या एकीची आजी बेइरात वाढलेली, तिने तिथल्या कॅथेड्रलपाशी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर तिकडे तासभर रडारड. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर जायच्या आधी त्यांच्याशी बोलून जा, गाइडबुकात नाही ते कळतं.

ताडोबा-पेंचची सवय आहे, इथे काय वेगळं?

ठरलेले रूट नाहीत आणि "टायगर किधर है" अशी गाड्यांची कुजबुज नाही. गाडी उघडी, पण बसल्या जागी. गाइडबरोबर चालत जाण्याची सोय आहे, ती घ्याच, पायाखाली शेण, ठसे, मुंग्यांची वारुळं, सगळं वेगळंच दिसतं. एक पडका जुना कॅम्पही आहे, पोर्तुगीज काळात मैदानात बांधला, पुराने बुडवला, माणसांनी सोडला आणि मग सिंह त्यात राहायला लागले, गच्चीवर चढून बसायचे. सिंहांचं घर असंच नाव पडलंय. आम्ही गेलो तेव्हा गच्चीवर कोणी नव्हतं.

पक्षी? डोंगर? ती कॉफी?

पक्षीवाल्यांनी एक दिवस गोरोंगोझा डोंगरासाठी ठेवायचाच. १८६३ मीटर, कळसूबाईपेक्षा दोनेकशे मीटर उंच, वर पावसाचं जंगल, आणि पार्कमधल्या नद्यांचं पाणी तिथूनच येतं. ७०० मीटरच्या वरचा भाग २०१० मध्ये पार्कला जोडला. हिरव्या डोक्याचा हळद्या आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात फक्त या एका डोंगरावर सापडतो, त्याच्यासाठी लोक जगभरातून येतात.

डोंगरावर लोक मका-बटाट्यासाठी जंगल तोडत होते, तर पार्कने कॉफी लावायला दिली, कारण कॉफीला सावली लागते, मग देशी झाडंही लावावी लागतात. कॉफीच्या पुड्या कॅम्पमध्ये मिळतात. चांगली आहे, चिकमगळूरवाल्यांना आवडेल.

गावातल्या लोकांना काही मिळतं का, की सगळं गोऱ्या टुरिस्टसाठी?

प्रश्न बरोबर आहे. पार्कभोवती दोन लाखांच्या आसपास लोक राहतात, गरीब, शेतीवर जगणारे. कायद्याने टुरिझमच्या कमाईतला २० टक्के वाटा गावांना जातो. शिवाय रेंजर, गाइड, शाळा, मुलींचे क्लब, दवाखान्याची कामं. मार्च २०१९ मध्ये इदाय वादळाने बेइरा झोपवलं तेव्हा पार्कची हेलिकॉप्टरं आणि रेंजर धान्य घेऊन गावोगाव फिरत होते.

पण शिकार थांबलेली नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून बनवलेले दातेरी सापळे कॅम्पमध्ये दाखवतात, हातात घेतला तर खांदा दुखतो. ते वॉटरबक-रानडुकरांसाठी लावतात आणि त्यात सिंहाचा पाय जातो. पाय नसलेले सिंह आहेत इथे. आणि लावणारा माणूस कोण, तर घरात प्रोटीन नाही म्हणून मांस शोधणारा शेजारचाच कोणीतरी. त्याला खलनायक करून विषय सुटत नाही, असं तिथले रेंजरसुद्धा सांगतात, त्यातले काही त्याच गावचे आहेत. खवले मांजरंही तस्करांकडून सोडवून इथे वाढवतात, कोकणातल्यांना ही कथा नवीन नाही.

कपडे, कॅमेरा?

निळे आणि काळे कपडे नको, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि ती चावते म्हणजे चावते, जीन्सवरून सुद्धा. खाकी, मळकट हिरवा बरा. ४०० एमएमची लेन्स पुरते. ड्रोन घरी ठेवा. दुर्बीण नक्की न्या, आमच्यात चौघांत एक होती आणि भांडणं झाली.

लहान मुलं, आई-बाबा येऊ शकतील?

आई-बाबांना गुडघ्याचा त्रास नसेल तर आरामात, फक्त प्रवास लांबचा. चार-पाच वर्षांच्या मुलांना मलेरियामुळे मी तरी नेणार नाही. दहाच्या पुढची मुलं असतील तर न्या, चालत जायच्या सफारीला वयाची अट असते ती विचारून घ्या.

किती रात्री?

पार्कमध्ये चार, डोंगराला जायचं असेल तर पाच. उरलेल्या दिवसांत विलांकुलोसला जाऊन बाझारुतोची बेटं करा, निळं पाणी, पांढरी वाळू, आणि नशीब जोरावर असेल तर समुद्रगाय दिसते. बेइराहून ते अंतर गाडीने दिवसभराचं आहे, एका दमात उरकायचा प्लॅन करू नका.